ताप गेला, दुखणे बसून राहिले

चवथ उरकली, पावसाचा जोर ओसरला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैत लोक विचारतात, हा ताप कुठला? आता विचारतात, ताप गेला त्याला महिने झाले, मग मी अजून अशी का? या वेळी सहा पत्रे घेतली आहेत. दोन-तीन पत्रांचा मजकूर थोडा छाटला आहे, रिपोर्टांच्या झेरॉक्स छापल्या नाहीत.

प्रश्न: गेल्या वर्षी मला आणि माझ्या धाकट्या भावाला एकाच आठवड्यात चिकुनगुनिया झाला. तो दहा दिवसांत मोटारसायकलवर फिरायला लागला. मला अजून सकाळच्या पहिल्या तासाला खडू धरता येत नाही, बोटे आखडलेली असतात. घरात सगळे म्हणतात, तुझी प्रतिकारशक्तीच कमी. आईबाप एक, घर एक, जेवण एक, बहुधा डाससुद्धा एकच. मग प्रतिकारशक्ती वेगळी कशी?
— शिक्षिका, वय ४७, डिचोली

उत्तर: बाई, ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे दोन शब्द आधी घरातून हद्दपार करा. तुमच्या बोटांत चालले आहे ते शक्ती कमी पडल्याचे लक्षण नाही. चोर पळून गेला तरी राखणदार दांडे आपटत फिरताहेत, असा तो प्रकार आहे.

चिकुनगुनियाचा विषाणू रक्तातून साधारण आठवडाभरात नाहीसा होतो. सांध्याच्या आतल्या अस्तरात मात्र त्याचे अवशेष मागे राहू शकतात. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर याची मोठी साथ आली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्यातल्या भक्षक पेशींत तापानंतर १८ महिन्यांनीही विषाणूचे जनुकद्रव्य आणि प्रथिने सापडली. अवशेष दिसत राहतात तोवर शरीर त्यांच्यावर तुटून पडत राहते, आणि त्या मारामारीची सूज तुम्हाला खडू धरताना जाणवते.

आता भावाचे. आपल्या पेशी स्वतःच्या आत काय चालले आहे याचा नमुना सतत पृष्ठभागावर मांडत असतात. म्हापशाच्या बाजारात मासळीवाली कल्ला उघडून दाखवते ना, तसेच. गिऱ्हाईक मासा चिरून बघत नाही, कल्ल्याचा रंग बघून ठरवते. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण आठ ते दहा दुव्यांचे, ज्या रेणूंवर मांडले जातात त्यांना एचएलए म्हणतात. ते तुकडे तपासणारे गिऱ्हाईक म्हणजे टी पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. तुकडा परका वाटला की टी पेशी ती पेशी मारून टाकते.

या एचएलए रेणूंची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली आहेत, आणि माणसामाणसांत इतकी वेगळी दुसरी जनुके नाहीत. आजवर त्यांचे ३५,००० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येक प्रकाराच्या खाचा वेगळ्या, त्यामुळे कुठल्या विषाणूचा कुठला तुकडा नीट बसेल आणि कुठला निसटेल, तेही वेगळे. जवळजवळ असल्यामुळे ही जनुके बहुधा गठ्ठ्यानेच वारशात येतात. एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. आईकडे दोन, वडिलांकडे दोन. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक. एकही न जुळण्याची शक्यताही चारात एकच. अस्थिमज्जा बदलताना सख्खा भाऊसुद्धा दाता म्हणून चालत नाही, असे अनेकदा होते ते यामुळेच. तेव्हा आईबाप एक म्हणून पहारा एक, हे गणित मुळात चुकते.

पण सगळे एचएलएच्या माथी मारू नका. चिकुनगुनियानंतर सांधे धरून राहण्यात चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढचे वय, बाईमाणूस असणे, पहिल्या आठवड्यातच दुखणे फार तीव्र असणे आणि आधीपासून सांध्याचा आजार असणे, या गोष्टी ठळकपणे दिसतात. तुमचे वय ४७, भावाचे तुम्ही लिहिलेले नाही, पण धाकटा म्हणजे कमीच.

करायचे काय? वर्ष होत आले आहे, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. चिकुनगुनियानंतरचे दुखणे आणि आमवात वरवर जुळ्या बहिणींसारखे दिसतात. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी आणि सांध्यांची तपासणी त्यांना वेगळे करायला मदत करते. औषधे दोन्हीकडे सारखी नसतात. आणि फार्मसीतून ‘त्या बारीक पांढऱ्या गोळ्या’ आणून खाऊ नका. त्या बहुधा स्टेरॉइड असतात, आठ दिवस स्वर्ग दाखवतात आणि नंतर साखर, हाडे, वजन सगळ्याचा हिशेब मागतात. सकाळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बोटे हलवणे ही घरगुती गोष्ट मात्र खरोखर कामाची आहे.

प्रश्न: चिकुनगुनियानंतर कंबर दुखत राहिली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले. मोबाइलवर वाचले तर पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होतो म्हणे. तीन रात्री झोप नाही. कुंडईला कारखान्यात उभ्याचे काम आहे. नोकरी सोडावी का?
— वय २६, फोंडा

उत्तर: नोकरी सोडू नकोस. (वयाने माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून एकेरी.) मोबाइल मात्र रात्री दहानंतर बाजूला ठेव.

बी२७ हा एचएलएचा एक प्रकार आहे. जन्मापासून तुझ्यात आहे, चिकुनगुनियाने आणलेला नाही. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापतात त्यामुळे डेंग्यू पॉझिटिव्ह आल्यासारखे वाटते. त्याचा अर्थ एवढाच की हा प्रकार तुझ्याकडे आहे, जसा कुणाचा रक्तगट बी असतो.

या रेणूचा आणि कणा ताठ करणाऱ्या आजाराचा संबंध १९७३ मध्ये उघड झाला, आणि तो संबंध पक्का आहे. त्या आजाराचे बहुतेक रुग्ण बी२७ धारक निघतात. गोंधळ होतो तो वाक्य उलटे फिरवल्यावर. बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी पाचांना किंवा त्याहूनही कमी जणांना तो आजार होतो. जवळच्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, म्हणून वडील-काका-आजोबा यांच्यात कुणी तरुणपणी वाकले होते का, ते घरी विचार. बहुतेक काजू उन्हाळ्यात पिकतात म्हणून उन्हाळ्यात पिकणारे सगळे काजूच, असे आपण म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मोबाइलवर पहिल्या पानावर येत नाही. हाच बी२७ एचआयव्हीचा संसर्ग झालेल्यांत आजाराची चाल मंदावतो, आणि हिपॅटायटिस-सी स्वतःहून बरा होण्याचे प्रमाणही या लोकांत जास्त आढळते. विषाणूच्या नेमक्या मर्मावरचा तुकडा तो घट्ट धरून टी पेशींना दाखवतो, असा त्यामागचा खुलासा आहे. म्हणजे एकाच रेणूने कुणाचा कणा बिघडवला आणि कुणाचा जीव सांभाळला. एचएलएची जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशीच निघते. म्हणून ‘चांगली जनुके, वाईट जनुके’ हा हिशेब मला कधी जमलेला नाही.

तुझ्या कंबरेचा प्रश्न रिपोर्टपेक्षा लक्षणांवर सुटेल. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आखडते का? आराम केल्यावर वाढते आणि हालचालीने कमी होते का? पहाटे दुखून जाग येते का? तीन महिन्यांच्या वर चालले आहे का? डोळा लाल होऊन दुखला होता का? यातल्या दोन-तीन गोष्टींना ‘होय’ असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, एमआरआय लागेल की नाही ते ठरवतील. आज या आजारावर चांगली औषधे आहेत आणि लवकर सुरू केली तर कणा वाचतो. उलट दिवसभर उभे राहून संध्याकाळी दुखते आणि झोपल्यावर बरे वाटते असे असेल, तर दोष बी२७चा कमी आणि कारखान्यातल्या सिमेंटच्या जमिनीचा जास्त.

प्रश्न: कोविड होऊन बराच काळ लोटला. साधाच होता, घरीच बरी झाले. त्यानंतर मात्र थोडे काम केले की दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळते. डोके चालत नाही, शब्द आठवत नाहीत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणते आळस, नवरा म्हणतो टेन्शन. आता ऑनलाइन एक किट दिसले, थुंकी पाठवली की इम्युनिटीची जनुके तपासून देतात. घ्यावे का? निदान घरच्यांना दाखवायला कागद तरी होईल.
— आयटी कंपनीत नोकरी, वय ३१, पर्वरी

उत्तर: कागदाची गरज मला कळते, म्हणून आधी तोच देतो. ऑस्ट्रेलियात डबो नावाचे एक ग्रामीण शहर आहे. तिथल्या संशोधकांनी तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर २५३ रुग्णांचा पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. तीन जंतूंपैकी एक होता रॉस रिव्हर विषाणू, आपल्या चिकुनगुनियाचा चुलतभाऊ. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोकांचा थकवा, अंगदुखी आणि डोके न चालणे टिकून होते, आणि जंतू कुठलाही असो, चित्र तेच. कुणाचे दुखणे रेंगाळेल हे त्यांच्या स्वभावावरून किंवा मानसिक ताणावरून सांगता आले नाही; सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून बरेचसे सांगता आले. तुमचा कोविड साधा होता हे खरे, पण साध्या कोविडनंतरही हा त्रास होतो आणि तो बायकांत जास्त दिसतो. हा उतारा कापून फ्रिजवर लावा. नवऱ्याच्या उंचीला.

‘काम केले की दुसऱ्या दिवशी कोसळते’ हे तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आळशी माणूस काम करण्याआधी थकतो, तुम्ही केल्यानंतर थकता, तेही एक दिवस उशिरा. हा प्रकार ओळखीचा आहे. यात ‘रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा’ हा सल्ला उलटतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत दीर्घ थकव्याच्या आजारासाठी असा ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम नको, असे स्पष्ट लिहिले. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघून आपण धुणे काढतो, तसे दिवसाचे काम बघा. बरे वाटते त्या दिवशी टाकी रिकामी करू नका. बहुतेक जण तिथेच फसतात.

आता किट. घेऊ नका. कारणे सांगतो, कारण विषय खरोखर रंजक आहे.

पहिले. कोविडशी संबंधित एक ठळक जनुकीय तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. तो निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला, हे स्वांते पाबो आणि ह्यूगो झेबर्ग या जनुकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले. तो असेल तर कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो. दक्षिण आशियात तो सुमारे निम्म्या लोकांत आहे, युरोपात साधारण १६ टक्के लोकांत. म्हणजे पणजी-म्हापसा बसमधल्या सगळ्यांनी किट घेतले, तर त्या प्रमाणाने निम्म्यांच्या हातात ‘धोका’ लिहिलेली चिठ्ठी येईल. शिवाय तो धोका गंभीर आजाराचा. तुमचा प्रश्न रेंगाळणाऱ्या आजाराचा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरे. २०२३ मध्ये एक सुंदर शोध लागला. एचएलए-बी*१५:०१ हा प्रकार असलेल्या लोकांत कोविडचा संसर्ग होऊनही काहीच लक्षणे न दिसण्याचे प्रमाण जास्त होते. आईवडील दोघांकडून तो मिळाला असेल तर साधारण आठपट. कारण असे दिसते की साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंचा जवळपास तसाच तुकडा या रेणूने टी पेशींना पूर्वीच दाखवून ठेवला होता. आता त्याच्या शेजारचा क्रमांक बघा: बी*१५:०२. हा असलेल्यांना फिटसाठी दिले जाणारे कार्बामाझेपीन हे औषध दिले तर अंगाची कातडी सोलून निघण्यासारखी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, आणि हा प्रकार मुख्यतः आशियाई लोकांत सापडतो. शेजारी क्रमांक, नशीब पूर्ण वेगळे. इतक्या बारीक फरकाची गोष्ट ‘तुमची इम्युनिटी ७२ टक्के’ अशा रंगीत वर्तुळात मावत नाही. एचएलएची चाचणी खरोखर उपयोगी पडते ती अशा नेमक्या ठिकाणी: विशिष्ट औषध देण्याआधी, किंवा अवयव जुळवताना.

तिसरे, खास रेंगाळणाऱ्या आजाराबद्दल. २०२५ मध्ये दोन मोठी कामे पुढे आली. एकात दीर्घ कोविडचा संबंध फॉक्सपी४ या जनुकाजवळच्या जागेशी जुळला. धोका वाढतो तो साधारण दीडपट. दुसऱ्या, ब्रिटनमधल्या डिकोडएमई या अभ्यासात दीर्घ थकव्याच्या आजाराचे धागे जनुकसंचात आठ ठिकाणी सापडले, त्यांतली काही प्रतिकारयंत्रणेशी निगडित. हा आजार मनाचा खेळ नाही याचा हा भक्कम पुरावा, आणि त्यासाठी मी खूश आहे. पण हे सगळे हजारो लोकांच्या सरासरीतले बारीक कल आहेत. एकट्या तुमच्या थुंकीतून तुमचे निदान त्यातून होत नाही.

किटचे पैसे वाचले त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी१२ आणि साखर यांतले ‘सगळे रिपोर्ट’मध्ये राहून गेलेले काही असेल तर तपासून घ्या. उभे राहिल्यावर छाती धडधडते का, तेही डॉक्टरांना सांगा. पडून आणि उभे राहून नाडी मोजायला दहा मिनिटे लागतात आणि बरेचदा कुणी मोजतच नाही.

प्रश्न: नातवासाठी मुलगी बघितली. सालस, शिकलेली, पत्रिका जुळते, २८ गुण. पण चिकुनगुनिया झाल्यापासून तिचे गुडघे दुखतात असे शेजारून कळले. पुढे मुलाबाळांत हे उतरेल का? मोकळेपणाने सांगा.
— आजी, मडगाव

उत्तर: मोकळेपणाने सांगतो, आजी: नाही उतरणार. चिकुनगुनियाचा विषाणू जनुकांत शिरत नाही. आईकडून बाळाला तो लागू शकतो, पण बाळंतपणाच्या त्या दिवसांत आईच्या रक्तात ताजा विषाणू असेल तरच. जुन्या गुडघेदुखीतून नाही.

एचएलए मात्र उतरते, अर्धे तिचे आणि अर्धे तुमच्या नातवाचे. ते जितके वेगवेगळे तितके बरे, कारण बाळाच्या पेशींकडे तुकडे मांडायला तितके जास्त प्रकारचे रेणू असतात. एचआयव्हीच्या अभ्यासात दोन्हीकडून वेगवेगळे प्रकार मिळालेल्यांचा आजार हळू चालतो, असे १९९९ मध्येच दिसून आले. मामाच्या मुलीपेक्षा परक्या घरची मुलगी या बाबतीत बरी. २८ गुणांत हा धरला नसेल तर २९ समजा. आणि शेजारणीला एकदा विचारा, तिच्या घरात चिकुनगुनिया कुणाकुणाला झाला होता.

प्रश्न: आमच्याकडे माकडतापाचे नाव काढले तरी लोक घाबरतात. काजूच्या हंगामात वडिलांना झाला, मोठ्या इस्पितळात राहून आले, पण दोन महिने झाले तरी उठून बसले की थकतात. आम्ही तिघे भाऊ त्याच बागायतीत, आम्हाला काही नाही. आमच्यात ताकदीची जनुके असतील का?
— सत्तरी

उत्तर: असतीलही, पण मी आधी पातेरा कुणी गोळा केला ते विचारीन. हा विषाणू गोचिडीतून येतो आणि गोचीड वाळक्या पानांत असते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ मध्ये तुमच्या सत्तरीत पालीला आला तो काजूच्या बागायतीतच. चावा कुणाला बसला, कितींदा बसला, हा फरक जनुकांच्या फरकाआधी येतो. तुम्हाला झाला नाही याचा अर्थ तुम्ही अभेद्य आहात असा काढून उघड्या पायांनी पुढच्या हंगामात जाऊ नका. लांब बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल अंगाला, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात.

वडिलांचा अशक्तपणा या तापानंतर आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. पण ताप परत आला, डोके फार दुखले, बडबड किंवा हातापायांना कंप सुरू झाला, तर वाट न बघता इस्पितळात न्या. काही रुग्णांत या आजाराची दुसरी फेरी येते. येत्या हंगामात त्यांना बोंडू वेचायलाही पाठवू नका, कितीही म्हणाले तरी. म्हणणारच ते.

प्रश्न: डेंग्यूनंतर ताकद यावी म्हणून चार महिने रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. आता भूक नाही, लघवी पिवळी होते. काढ्याचे प्रमाण वाढवू का? मला थायरॉइडचा हाशिमोटो आहे.
— वय ५२, पेडणे

उत्तर: काढा आजच बंद करा. हाशिमोटो म्हणजे तुमच्याच पहारेकऱ्यांनी तुमच्याच थायरॉइडवर धरलेला दावा. अशा माणसाने पहारा ‘वाढवणारे’ काही महिनोन्महिने घ्यायचे का, याचा विचार काढा सुचवणाऱ्याने केलेला नसतो. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद छापली, आणि ती सूज स्वप्रतिकाराच्या धाटणीची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद संपण्याची वाट तुमच्या यकृताने बघायचे कारण नाही.

उद्या सकाळी रक्त द्या: बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, सोबत प्रोथ्रॉम्बिन टाइम. डॉक्टरांना काढ्याचे सांगा, लपवू नका; वेल कुठून आणली आणि किती उकळली तेही सांगा. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची सकाळही नको, आज रात्रीच निघा. रिपोर्ट आला की मला कळवा.